वगळले जाण्याच्या मानसशास्त्रावरील कोल्हापुरातील एक अभ्यासवर्ग : परीक्षण

कोल्हापुरातील एका समुपदेशन केंद्राने राजारामपुरीत भरवलेला, सलग काही रविवारी सकाळी चाललेला एक अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. माणसाला गटातून वगळणे, त्याच्याशी बोलणे टाकणे, त्याच्या असण्याची दखलच न घेणे, या वागणुकीचा माणसावर काय परिणाम होतो आणि त्या परिणामामुळे तो पुढे कोणाच्या प्रभावाखाली जातो, हा वर्गाचा विषय होता. सर्व मांडणी मुख्यतः किपलिंग विल्यम्स या सामाजिक मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनावर आधारलेली होती. विल्यम्स यांनी अमेरिकेतील परड्यू विद्यापीठात आणि त्याआधी ऑस्ट्रेलियातही दीर्घकाळ अध्यापन केले. वर्गात शाळांचे शिक्षक होते, परिचारिका होत्या, गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी होते, करवीर तालुक्यातील एक सरपंच होते आणि आमच्यासारखे कारखान्यांतील अधिकारीही होते. मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कामगार कल्याण अधिकारी म्हणून काम करतो. ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात किंवा ज्यांच्यासमोर मुले बसतात, अशा प्रत्येकाने हा वर्ग करावा असे माझे मत झाले आहे. मात्र त्यात दोन गंभीर त्रुटी आहेत आणि त्या आयोजकांनी दूर कराव्यात यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या कामात भांडणाची नोंद होते, अपघाताची होते, गैरहजेरीची होते. एखाद्या माणसाशी संपूर्ण पाळी कोणी बोलले नाही, याची नोंद करायला कोणत्याही वहीत रकाना नाही. फेटलिंग विभागातील, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करणाऱ्या विभागातील, एका कामगाराने मशीनवरचे संरक्षक झाकण काढून काम चालते हे वरिष्ठांच्या कानावर घातले, तेव्हापासून त्याच्या पाळीतील लोकांनी त्याच्याशी बोलणे सोडले होते. तो माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, ‘साहेब, शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं, पण मी डबा उघडला की ही सगळी उठून जात्यात.’ त्याच्या या तक्रारीला नेमके काय उत्तर द्यावे हे मला सुचत नव्हते, आणि त्यासाठीच मी या वर्गाला नाव नोंदवले.

पहिल्या सत्राची सुरुवात मार्गदर्शिका बाईंनी विल्यम्स यांच्या एका अनुभवाने केली. ते आपल्या कुत्र्याला घेऊन उद्यानात बसले असताना दोन अनोळखी तरुणांची फेकाफेकीची तबकडी त्यांच्या अंगावर येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली, तरुणांनी पुन्हा त्यांच्याकडे टाकली, आणि काही वेळ तिघांचा खेळ चालला. मग काही न सांगता त्या दोघांनी आपापसातच खेळायला सुरुवात केली. ज्यांची नावेही ठाऊक नाहीत अशा माणसांनी खेळातून वगळल्यामुळे आपल्याला इतके लागावे, याचे त्यांना आश्चर्य वाटले आणि प्रयोगाची कल्पना तेथेच मिळाली. आधी त्यांनी प्रयोगशाळेच्या प्रतीक्षागृहात चेंडूफेकीचा प्रसंग घडवून अभ्यास केला आणि पुढे त्याचाच संगणकावरील अवतार तयार केला, जो ‘सायबरबॉल’ या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो. पडद्यावर तिघे खेळाडू असतात. सहभागी व्यक्तीला सांगितले जाते की उरलेले दोघे दुसरीकडे बसलेले खरे लोक आहेत. प्रत्यक्षात त्यांचे वागणे आधीच ठरवलेले असते. सुरुवातीला एक-दोनदा चेंडू तिच्याकडे येतो आणि मग येतच नाही. खेळ काही मिनिटांतच संपतो.

हाच खेळ आम्हांलाही खेळवण्यात आला. काहींच्या वाट्याला नियमित चेंडू येत होता आणि काहींना तो मिळेनासा झाला होता. कोण कोणत्या गटात आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. नंतर एक छोटी प्रश्नावली भरून घेतली आणि दोन्ही गटांची उत्तरे फळ्यावर शेजारी-शेजारी मांडली. वयाने ज्येष्ठ, संस्थांचा कारभार पाहिलेली, सभा गाजवणारी माणसेही त्या काही मिनिटांत खाली गेलेली दिसत होती. विल्यम्स, क्रिस्टोफर च्युंग आणि विल्मा चोई यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६२ देशांतील १,४८६ लोकांनी इंटरनेटवरून हा खेळ खेळला होता आणि चेंडू जितका कमी मिळाला तितकी माणसाची अवस्था अधिक वाईट झाल्याचे आढळले होते. शेजारी बसलेल्या माणसाचा चेहरा उतरताना पाहिल्यावर तो आकडा ज्या प्रकारे कळतो, तसा तो नुसता ऐकून कळत नाही. या एका सत्रासाठीही वर्गाचे शुल्क, जे हजार रुपयांच्या आत आहे, मला योग्य वाटले.

विल्यम्स यांच्या मांडणीप्रमाणे वगळले जाण्याने माणसाच्या चार मूलभूत गरजांवर एकाच वेळी घाव बसतो : आपण कोणाचे तरी आहोत ही भावना, स्वतःबद्दलचा आदर, आपल्या परिस्थितीवर आपला काही ताबा आहे ही जाणीव, आणि आपल्या असण्याला काही अर्थ आहे हा विश्वास. शिवीगाळ किंवा मारहाण झाली तरी समोरच्याने आपली दखल घेतलेली असते. भांडायला, उत्तर द्यायला जागा उरते. अबोल्यात ती जागाच राहत नाही. प्रश्न विचारला तरी उत्तर नाही, रागावले तरी उत्तर नाही. त्यामुळे ताबा आणि अस्तित्वाचा अर्थ या दोन गरजांना जेवढी इजा अबोल्याने होते तेवढी उघड भांडणाने होत नाही. बाई हे समजावून सांगत होत्या तेव्हा मला डबा घेऊन एकटा बसणारा तो कामगार आठवत होता. त्याने शिव्यांची तुलना उगाच केली नव्हती.

या पहिल्या वेदनेचा चिवटपणा दाखवणारे प्रयोग ज्या क्रमाने सांगितले गेले, तो क्रम अतिशय विचारपूर्वक ठरवलेला होता. २००४ साली लिसा झाड्रो, विल्यम्स आणि रिक रिचर्डसन यांनी लोकांना स्पष्ट सांगितले की समोर माणसे नसून संगणकच खेळत आहे; तरीही वगळलेल्यांच्या चारही गरजांचे मोजमाप तसेच खाली गेले. २००६ साली इल्या फान बेस्ट आणि विल्यम्स यांनी चेंडू मिळाला की पैसे कापले जातील अशी व्यवस्था केली. म्हणजे चेंडू न मिळण्यात फायदा होता, तरीही तो न मिळणे लागलेच. २००७ साली कॅरन गोन्साल्कोराले आणि विल्यम्स यांनी ऑस्ट्रेलियातील लोकांना सांगितले की समोरचे खेळाडू कू क्लक्स क्लान या वर्णद्वेष्ट्या संघटनेचे समर्थक आहेत. ज्यांचा आपण तिरस्कार करतो त्यांनी वगळले तरीही मन दुखावलेच. आमच्यातील एका शिक्षिकेने विचारले की मग मनाने खंबीर असणे, लाज न बाळगणे, याचा काहीच उपयोग नाही का. त्यावर बाईंनी विल्यम्स यांची टप्प्यांची मांडणी सांगितली. पहिला घाव जवळजवळ सर्वांना सारखाच बसतो. कोणी वगळले, का वगळले, आपण कसे आहोत, याचा हिशेब त्यानंतरच्या विचाराच्या टप्प्यात लागतो आणि सावरण्याची गती तेथे ठरते. वगळणे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चालले तर मात्र तिसरा टप्पा येतो, ज्यात माणूस प्रयत्नच सोडून देतो आणि एकाकीपणा, खिन्नता, असहायता व आपण नालायक आहोत ही भावना घर करून बसते. वर्षानुवर्षे अबोला सोसलेल्या लोकांच्या मुलाखती विल्यम्स यांनी घेतल्या होत्या आणि या शेवटच्या टप्प्याचे चित्र त्यांतून स्पष्ट झाले.

मेंदूवरील प्रसिद्ध अभ्यासाचा उल्लेख अशा कार्यक्रमांत हमखास अतिरंजित होतो. तो येथे झाला नाही, याबद्दल आयोजकांचे मनापासून कौतुक करतो. नाओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लिबरमन आणि विल्यम्स यांनी २००३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले की सायबरबॉलमध्ये वगळलेल्या माणसाच्या मेंदूत, शारीरिक वेदनेच्या वेळी सक्रिय होणाऱ्या एका भागात हालचाल वाढते. बाईंनी हे सांगून लगेच जोडले की त्या अभ्यासात केवळ १३ लोक होते, मेंदूचा तो भाग इतरही अनेक प्रसंगी सक्रिय होतो आणि त्यामुळे त्यावरून ‘मनाची वेदना आणि शरीराची वेदना एकच’ असा निष्कर्ष काढण्यावर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले. ज्या अभ्यासाने टाळ्या मिळतात त्याची मर्यादाही त्याच दमात सांगणारा वक्ता विरळा असतो. याउलट सायबरबॉलच्या मूळ परिणामाबद्दल त्या ठाम होत्या, कारण २०१५ साली अशा १२० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला आणि परिणाम मोठा व सातत्याने आढळणारा असल्याचे त्यातून दिसले.

वर्गाचे खरे मोल मला दुसऱ्या भागात सापडले. वगळल्याने दुःख होते हे आपल्या सर्वांना अनुभवाने माहीत असते. त्या दुःखानंतर माणूस काय करतो, हे मात्र माझ्यासारख्या माणसाने कधी नीट पाहिलेले नव्हते. २००० सालच्या त्याच संशोधनाच्या दुसऱ्या भागात, खेळातून वगळलेल्या लोकांना नंतर नव्या गटात बसवून आकृत्या ओळखण्याचे सोपे काम दिले. गटातील बाकीचे एकमताने चुकीचे उत्तर देत होते. वगळले गेलेले लोक इतरांपेक्षा अधिक वेळा त्या चुकीच्या उत्तरात सामील झाले. ज्यांनी वगळले त्यांच्याशी जुळवून घेतले असते तर ते समजण्याजोगे होते. येथे ते पूर्णपणे नव्या लोकांसमोर मान तुकवत होते. २००८ साली एड्रिएन कार्टर-सोवेल, झान्शेंग चेन आणि विल्यम्स यांनी दाखवले की वगळले गेल्यावर लोक देणगीसारख्या मागणीला अधिक सहज होकार देतात. २०१४ साली पाओलो रिवा, विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी वगळलेल्या लोकांना कडाक्याच्या थंडीत बाहेर जाऊन छायाचित्रे काढून आणण्याची आज्ञा दिली, आणि त्यांनी ती इतरांपेक्षा अधिक पाळली. बहुमताशी जुळवून घेणे, विनंतीला होकार देणे आणि आज्ञा पाळणे या सामाजिक प्रभावाच्या तिन्ही वाटांवर, नुकताच बाहेर टाकलेला माणूस इतरांपेक्षा लवकर चालू लागतो.

हे ऐकल्यावर मी माझ्या कारखान्यातील काही गोष्टींकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. कंत्राटावर आलेला नवा मुलगा, ज्याला जुने कामगार आपल्यात घेत नाहीत, तो भट्टीजवळचे जोखमीचे काम ‘कर’ म्हटल्याबरोबर करतो, हातमोजे मागत नाही, जादा पाळीला नाही म्हणत नाही. पर्यवेक्षक अशा मुलाला ‘गुणी’ म्हणतात आणि मीही ते ऐकून मान डोलावत आलो. त्याच्या आज्ञाधारकपणातला किती भाग स्वभावाचा आणि किती भाग एकटेपणाचा, हा प्रश्न यापुढे विचारल्याशिवाय कोणालाही जोखमीच्या कामावर पाठवू नये, असे मला वाटते. परराज्यांतून आलेली, खोलीत आठ-दहा जण राहणारी, भाषेमुळे आधीच बाजूला पडलेली मुले ओतकामात मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला त्याच्या गावच्या मंडळींनीही बोलणे सोडले तर तो ज्याच्या हाती पडेल त्याचा होतो, मग तो वर्गणी मागणारा असो, व्याजाने पैसे देणारा असो किंवा चोरीत वाटा देणारा असो. वर्गातील सरपंचांनी गावातील तरुणांबद्दल जवळजवळ हेच निरीक्षण सांगितले, आणि त्या दिवशीची चर्चा ठरलेल्या वेळेच्या बरीच पुढे गेली.

सर्वच वगळलेली माणसे नमतात असे मात्र नाही, आणि हा भाग मांडताना बाईंनी कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याचा पदार्थ हाताशी घेतला. २००६ साली वेन वॉरबर्टन, विल्यम्स आणि डेव्हिड केर्न्स यांनी केलेल्या प्रयोगात, वगळलेल्या लोकांना कर्कश आवाज ऐकवले गेले. काहींच्या हातात तो आवाज केव्हा सुरू व्हावा याचा ताबा होता, काहींच्या हातात नव्हता. नंतर त्यांना एका अनोळखी माणसासाठी, ज्याला तिखट आवडत नाही हे त्यांना सांगितलेले होते, तिखट सॉस वाढायला सांगितले. वगळलेल्या आणि ताबाही काढून घेतलेल्या लोकांनी इतर गटांच्या चौपटीहून अधिक सॉस वाढला. ज्यांना वगळले पण आवाजावर ताबा दिला, त्यांच्यात हे दिसले नाही. तांबड्या रश्शाच्या गावात हा प्रयोग ऐकताना सभागृहात हशा पिकला, पण तो लवकरच ओसरला, कारण त्यातून निघणारा अर्थ गंभीर आहे. आपलेपणा आणि स्वतःबद्दलचा आदर दुखावला तर माणूस लोकांना खूश करायला धावतो. ताबा आणि अस्तित्वाचा अर्थच हिरावला गेला तर आपण आहोत हे दाखवण्यासाठी तो दुखापतही करू शकतो, आणि ज्याला करतो त्याचा बहुधा काही संबंध नसतो. याची दुसरी बाजू मला सर्वांत उपयोगाची वाटली. वगळलेल्या माणसाला लगेच मित्र मिळवून देणे आपल्या हाती नसले, तरी त्याच्या हाती थोडा ताबा परत देणे बहुतेक वेळा आपल्या हाती असते. पाळी कोणती घ्यायची, कोणत्या यंत्रावर काम करायचे, तक्रारीची चौकशी कोणापुढे व्हावी, एवढ्या गोष्टी विचारल्या तरी फरक पडू शकतो.

तिसऱ्या भागात विल्यम्स यांचे आधीचे, गटातील आळसावरील संशोधन आले. बिब लाताने, विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स यांनी १९७९ साली विद्यार्थ्यांना शक्य तितक्या मोठ्याने ओरडायला आणि टाळ्या वाजवायला सांगितले होते. गट जितका मोठा, तितका माणशी आवाज कमी भरला : दोघे असताना प्रत्येकाच्या एकट्याच्या क्षमतेच्या ७१ टक्के, चौघे असताना ५१ आणि सहा जण असताना ४०. १९८१ साली त्याच तिघांनी दाखवले की प्रत्येकाचे काम वेगळे ओळखले जाणार आहे असे वाटले की हा आळस राहत नाही. कारखान्याच्या दृष्टीने हे उपयुक्त आहे, परंतु मुख्य विषयाशी त्याचा सांधा नीट जुळवला गेला नाही. तो जुळवता आला असता, कारण विल्यम्स आणि क्रिस्टिन सॉमर यांच्या १९९७ सालच्या अभ्यासात वगळलेल्या स्त्रियांनी पुढच्या सामूहिक कामात अधिक मेहनत घेतली, तर पुरुषांनी तशी घेतली नाही. बाईंनी त्याचा ओझरता उल्लेख केला आणि त्या पुढे गेल्या. आमच्या कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे तयार करणाऱ्या विभागात, स्त्रिया काम करतात. एखादीला बाकीच्या जणींनी दूर ठेवले की ती अधिकच राबताना दिसते, आणि उत्पादनाचा आकडा चांगला असल्यामुळे तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. या विषयावर अख्खे सत्र व्हायला हवे होते.

त्यानंतरच्या एका छोट्या भागात नजरेचा अभ्यास सांगितला गेला. परड्यूच्या आवारात केलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे कधी नजरेला नजर देऊन, कधी हसून, तर कधी ते तेथे नसल्यासारखे आरपार पाहिले गेले. ज्यांची नजरेने दखल घेतली गेली त्यांना आपण इतरांपासून तुटलो आहोत असे कमी वाटले. या सत्रानंतर मी फाटकावरील रखवालदाराकडे आणि कँटीनमधील ताटे उचलणाऱ्या बाईंकडे रोज थांबून पाहू लागलो. इतक्या स्वस्त उपायाबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही.

आता पहिली गंभीर त्रुटी. आपल्याकडे वाळीत टाकणे ही केवळ मनाची गोष्ट कधीच नव्हती. पाणवठा, रोटीव्यवहार, लग्नकार्य, अंत्ययात्रेला खांदा, हे सारे एका निर्णयाने बंद होत आले आहे. जातपंचायतींच्या अशा निर्णयांविरुद्धच्या चळवळीतून महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा २०१६ चा अधिनियम केला, जो राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ साली अमलात आला आणि ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. या सगळ्यासाठी वर्गात शेवटच्या रविवारचा उरलेला वेळ तेवढा ठेवला होता. काही मिनिटांच्या चेंडूच्या खेळातून निघालेले निष्कर्ष पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या बहिष्काराला कितपत लागू होतात, कोठे अपुरे पडतात, कायद्याच्या कक्षेत काय येते आणि कारखान्यातला, शाळेतला, सोसायटीतला मूक बहिष्कार तिच्या बाहेर कसा राहतो, हे प्रश्न सहभागींनी विचारले आणि घड्याळाकडे पाहत त्यांची उत्तरे दिली गेली. बाईंनी एवढे स्पष्ट केले की प्रयोगशाळेतील वगळणे आणि वाळीत टाकणे यांना एका मापाने तोलू नये, आणि ते बरोबरच होते. पण पुढचा विचार व्हायला हवा होता.

विशेषतः कोल्हापुरात तो व्हायलाच हवा होता. राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढून दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला गावकरी जाईनात, तेव्हा महाराज स्वतः तेथे जाऊन सर्वांसमक्ष चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या लोकांनाही पाजू लागले. ही हकिगत कोल्हापुरात लहानपणापासून कानावर असते. सामाजिक प्रभावाचा अभ्यास शिकवणाऱ्या वर्गाला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही : सर्वांनी टाळलेल्या माणसाकडे, ज्याच्याकडे सर्वांचे लक्ष असते असा माणूस उघडपणे जातो, तेव्हा टाळण्याचा नियम किती वेगाने ढासळतो. गुप्तपणे पाठवलेल्या मदतीने हे झाले नसते. विल्यम्स यांच्या प्रयोगांत वगळणाऱ्यांवर काय प्रभाव टाकता येतो यापेक्षा वगळलेल्यांवर काय प्रभाव पडतो याचाच विचार अधिक आहे; ती उरलेली बाजू भरून काढण्याचे सामर्थ्य आपल्या शहराच्या इतिहासात आहे आणि वर्गाने ते वापरले नाही. पर्यवेक्षकाने त्या एकट्या कामगाराशेजारी रोज आपला डबा उघडला तर काय होईल, हा प्रश्न मी वर्गात विचारला. ‘करून पाहा आणि आम्हांलाही कळवा,’ असे उत्तर मिळाले. ते प्रामाणिक होते, पण मला अपुरे वाटले.

दुसरी त्रुटी अधिक काळजीची आहे. चेंडूच्या खेळानंतर, कोणाला मुद्दाम वगळले होते हे सांगण्याच्या आतच थोडी विश्रांती दिली गेली. त्या वेळी एक सहभागी कोणाला काही न बोलता निघून गेले. त्यांना संगणकानेच चेंडू दिला नव्हता हे त्यांना कळलेच नाही. केंद्राने संध्याकाळी फोन करून सर्व समजावले आणि पुढच्या रविवारी ते आलेही, तरी तो दिवस त्यांनी कसा काढला असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही. समोर संगणक आहे हे ठाऊक असूनही लोक दुखावतात असे शिकवणाऱ्या वर्गाने ही दक्षता सर्वांत आधी घ्यायला हवी. स्वतः संशोधकांचेही उदाहरण वर्गात सांगितले गेले होते : विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, असे पाच जणांनी, एका आठवड्यात रोज एकेकाला दिवसभर वगळण्याचा प्रयोग आपापसात केला. हा खेळ आपणच ठरवला आहे हे प्रत्येकाला माहीत होते, तरी तो दिवस प्रत्येकाला जड गेला. जाणत्यांची ही स्थिती असेल तर अजाण सहभागीला अर्ध्या तासासाठीही तसे सोडता कामा नये.

किरकोळ गोष्टींत, वाचनासाठी दिलेली सर्व सामग्री इंग्रजीत होती. ज्या पर्यवेक्षकांपर्यंत हा विषय पोहोचायला हवा त्यांना तिचा उपयोग नाही. रविवारची वेळ शिक्षकांना सोयीची आहे, पण आमच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असल्यामुळे मला दर वेळी रजा टाकावी लागली. सभागृह स्वच्छ आणि शांत होते, चहा वेळेवर येत होता, आणि बाईंची मराठी सरळ, शांत व नेमकी होती. त्या प्रश्न विचारणाऱ्याला मध्ये तोडत नसत. सभागृहाच्या कोपऱ्यात बसलेल्या, काहीच न बोलणाऱ्या लोकांनाही त्या नावाने बोलावून मत विचारत. विषयाला शोभेल असेच त्यांचे वागणे होते आणि त्यामुळे शेवटच्या रविवारपर्यंत बहुतेक सर्व जण टिकले.

वर्गात शिकलेले घेऊन मी फेटलिंग विभागाच्या त्या कामगाराशी पुन्हा बोललो. त्याला काय वाटते हे विचारण्याऐवजी त्याला काय ठरवायचे आहे हे विचारले. त्याने पाळी बदलून मागितली नाही; झाकणाच्या तपासणीचा तक्ता आपल्याकडे द्या, एवढेच मागितले. तो त्याला दिला आहे. पर्यवेक्षक आता जेवायला त्याच्याजवळ बसतात. पाळीतले दोघे-तिघे बोलू लागले आहेत, बाकीचे अजून नाहीत.

शाळा, रुग्णालय, सोसायटी किंवा कारखाना, जेथे तुमच्या एका शब्दाला वजन आहे तेथे काम करत असाल तर पुढच्या तुकडीला अवश्य नाव द्या. केवळ स्वतःच्या मनःशांतीसाठी जाणाऱ्यांना मात्र यात थोडेच मिळेल. त्यांनी त्याच केंद्रात वैयक्तिक समुपदेशनाची चौकशी केलेली बरी. आमच्या पर्यवेक्षकांसाठी सोमवारी, कारखान्यातच, मराठी टिपणांसह हा वर्ग घ्यावा अशी विनंती मी केंद्राला केली असून त्यांनी तयारी दाखवली आहे. खेळ संपल्यावर खुलासा होईपर्यंत विश्रांती द्यायची नाही आणि कोणालाही खोलीबाहेर जाऊ द्यायचे नाही, ही अट मी पत्रात पहिल्या क्रमांकावर लिहिली आहे, आणि गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलवर अर्धा तास राखून ठेवावा, ही दुसऱ्या.